जस्ताची कीड: लिव्हरपूलच्या ओतीव मोटारी आणि त्यांचा ऱ्हास

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात बिन्स रोडवर असलेल्या मेकॅनो कंपनीच्या कारखान्यात १९३४ ते १९४१ या काळात ‘डिंकी’ नावाच्या ज्या छोट्या धातूच्या मोटारी तयार झाल्या, त्यांपैकी आज संग्राहकांकडे उरलेल्या कित्येकींच्या अंगावर बारीक भेगांचे जाळे पसरलेले असते, टप फुगून वर आलेला असतो, चाकांचे तुकडे पडलेले असतात आणि काही मोटारींचा तर खोका उघडल्यावर राखाडी भुगाच हाताला लागतो. त्याच कारखान्यात दुसरे महायुद्ध संपल्यानंतर ओतलेल्या मोटारींचा रंग उडतो, टायर कडक होतात, पण धातूला सहसा काही होत नाही. याहून लक्षणीय गोष्ट अशी की १९३३ च्या अखेरीस बाजारात आलेल्या अगदी पहिल्या संचातील मोटारी, ज्या वयाने या सर्वांत थोरल्या, त्या वाकलेल्या-चेपलेल्या सापडल्या तरी धातू म्हणून धडधाकट असतात. आधीचा माल टिकला, नंतरचा टिकला, आणि मधल्या सात-आठ वर्षांच्या मालालाच रोग जडला. तेव्हा दोष निव्वळ वयाचा नाही आणि पुष्कळदा सांभाळणाऱ्याच्या हयगयीचाही नाही, हे उघड आहे. त्याचे मूळ धातू वितळवण्याच्या कढईत आहे, आणि म्हणूनच या खेळण्यांवरील भेगा त्या काळच्या ओतकामाचा इतिहास म्हणून वाचता येतात.

या विकाराला संग्राहकांच्या बोलीत ‘मेटल फटीग’ म्हणजे धातूचा थकवा म्हणतात. अभियंत्यांच्या भाषेत थकवा म्हणजे वारंवार ताण पडून आणि सुटून धातूला तडा जाणे. मालमोटारीचा कमानपाटा तुटतो तो अशा थकव्याने. कपाटात वर्षानुवर्षे निश्चल उभ्या असलेल्या खेळण्यावर असा ताण कधीच पडत नाही. धातुशास्त्रात या ऱ्हासाला आंतरकणीय क्षरण म्हणतात आणि व्यवहारात ‘झिंक पेस्ट’, म्हणजे जस्ताची कीड. लोखंडाचा गंज पृष्ठभागावरून आत जातो आणि वेळीच खरवडला तर थांबवता येतो. जस्ताची कीड मात्र धातूच्या पोटातच दबा धरून असते, आणि ती वर दिसू लागते तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

डायकास्टिंग म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने घुसवून क्षणार्धात वस्तू ओतण्याची पद्धत. तिचा उगम खेळण्यांच्या धंद्यात नसून छापखान्यात आहे. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूतून छपाईचे खिळे ओतण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकात यंत्रावर गेले, आणि १८८० च्या दशकात लिनोटाइप यंत्राने अख्खी ओळ एका दमात ओतून दाखवली. शिकागोमधील डाउस्ट बंधू त्या काळी धुलाई व्यवसायासाठी एक नियतकालिक चालवत होते. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, म्हणजे ज्याला जोडून भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले त्याच प्रदर्शनात, त्यांनी असे ओतयंत्र पाहिले आणि त्यावर गळपट्टीची बटणे, चिमुकल्या इस्त्र्या आणि इतर किरकोळ नग ओतायला सुरुवात केली. याच घराण्याच्या कंपनीने पुढे ओतीव मोटारी काढल्या आणि १९२० च्या दशकात त्यांना ‘टूट्सीटॉय’ हे नाव दिले. आपल्याकडे ‘व्यापार’ म्हणून रुळलेल्या खेळाचे अमेरिकी रूप म्हणजे मोनोपॉली, आणि त्याच्या पटावर फिरणारी धातूची प्यादीही १९३० च्या दशकात याच कंपनीने पुरवली.

सुरुवातीच्या या मोटारी शिशाच्या मिश्रधातूच्या होत्या. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, साच्याला त्रास देत नाही आणि बारीकसारीक नक्षीही नेमकी उचलते; पण ते जड आहे, मऊ आहे, आणि मुलांनी तोंडात घालायच्या वस्तूसाठी ते योग्य नाही ही जाणीवही हळूहळू वाढत होती. जस्ताची घनता शिशाच्या दोन तृतीयांशाहून कमी, कठीणपणा कितीतरी अधिक, आणि त्याचा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळत असल्याने एका पोलादी साच्यातून लाखो नग काढता येतात. जस्तात चारेक टक्के ॲल्युमिनियम घातले की ते अधिक पातळ वाहते, थंड झाल्यावर अधिक मजबूत होते आणि वितळलेले जस्त लोखंडी कढई व दट्ट्या खाऊन टाकते तेही बरेच कमी होते. ओतकाम करणाऱ्याला हवे ते सारे या मिश्रणात होते. अडचण एवढीच होती की या ॲल्युमिनियममुळेच, एरवी निरुपद्रवी ठरणारे शिशाचे अंश घातक बनतात.

जस्तात शिसे येते कोठून, हे समजण्यासाठी जस्त कसे काढले जाते ते थोडे पाहायला हवे, आणि येथे भारताचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. जस्ताचे खनिज तापवून धातू सुटा होईपर्यंत त्याची वाफ होऊन जाते, कारण जस्त ९०७ अंशांनाच उकळते. म्हणून ती वाफ बंद भांड्यात धरून निववावी लागते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मध्ययुगात हे काम वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या बसवून मोठ्या प्रमाणावर चालत असे, आणि रसशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांत ‘वृंताक मूषा’ म्हणून जिचे वर्णन येते तिच्याशी या मुशी जुळतात. वापरून झालेल्या मुशींनी रचलेल्या भिंती जावरच्या परिसरात आजही पाहायला मिळतात. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टॉल येथे याच तत्त्वावरील पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या या जस्तात, खनिजातच सोबत असलेले शिसे आणि कॅडमियम थोडेफार येतेच. लोखंडी पत्र्याला जस्ताचा मुलामा द्यायचा असो वा पितळ करायचे असो, टक्काभर शिशाने काही बिघडत नसे, त्यामुळे शतकानुशतके कोणी त्याची फिकीर केली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विद्युत्-विच्छेदनाने, म्हणजे द्रावणातून वीज सोडून, अतिशुद्ध जस्त मिळवण्याचे कारखाने उत्तर अमेरिकेत उभे राहिले, आणि शुद्ध-अशुद्ध जस्तातला फरक तेव्हाच प्रथम व्यवहारात मोजता येऊ लागला.

तो फरक मोजण्याची निकडही त्याच वेळी निर्माण झाली होती. जस्ताचे ओतीव भाग तोवर मोटारींचे कार्ब्युरेटर, घड्याळे, ग्रामोफोन अशा नाना वस्तूंत शिरले होते आणि ते काही वर्षांत फुगून, वेडेवाकडे होऊन मोडू लागल्याने एकूण मालाचीच बदनामी होत होती. न्यू जर्सी झिंक कंपनीतील ब्राउअर आणि पीअर्स या संशोधकांनी १९२३ मध्ये या फुगण्याचे कारण अशुद्धींत आहे हे दाखवून दिले. त्याची प्रक्रिया अशी आहे. कोणताही धातू थंड होताना असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा बनतो, या स्फटिकांना कण म्हणतात आणि दोन कणांमधल्या सीवनीला कणसीमा. शिसे, कथील आणि कॅडमियम घन जस्तात फारसे विरघळून राहू शकत नाहीत, म्हणून धातू गोठताना ते कणसीमांकडे ढकलले जातात आणि तेथे ॲल्युमिनियमने समृद्ध असलेल्या भागाच्या शेजारी जाऊन बसतात. हवेतला दमटपणा त्या सीमेत शिरला की तेथे चिमुकले विद्युत्-रासायनिक घट तयार होतात आणि ॲल्युमिनियमयुक्त भाग झपाट्याने खाल्ला जातो. त्यातून जे ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड बनतात त्यांना मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून ते शेजारच्या कणांना बाजूला रेटतात. त्या रेट्याने नवी फट पडते आणि फटीतून दमटपणा आणखी आत जातो. अशा रीतीने वस्तू आधी लांबी-रुंदीत वाढते, मग तडकते आणि अखेरीस कण सुटे होऊन तिचा भुगा होतो.

या ज्ञानाच्या आधारे न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ‘झॅमॅक’ हा मिश्रधातू बाजारात आणला. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे मिळून हे नाव बनले आहे, आणि इंग्लंडमध्ये तोच प्रकार ‘मॅझॅक’ म्हणून ओळखला जातो. त्याची मुख्य अट होती ९९.९९ टक्के शुद्ध जस्त. शंभर भागांत जेमतेम ०.०४ भाग भरणारे मॅग्नेशियम त्यात मुद्दाम घातले जाते, कारण उरल्यासुरल्या अशुद्धींचा कणसीमांवरचा परिणाम ते आवरते. म्हणजे डिंकी मोटारींचे उत्पादन सुरू झाले त्याच्या दहा वर्षे आधी रोगाचे निदान झाले होते आणि चार वर्षे आधी उपायही विक्रीला आला होता. असे असूनही रोग बिन्स रोडवर पोहोचलाच, आणि या कहाणीचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग हाच आहे.

फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या जोडणीच्या खेळाचे पेटंट घेतले. पुढे त्याचे ‘मेकॅनो’ झाले, १९१४ मध्ये बिन्स रोडचा मोठा कारखाना उभा राहिला आणि १९२० पासून तेथे हॉर्नबी आगगाड्याही बनू लागल्या. या आगगाड्यांच्या स्थानकांवर उभी करायची हमाल, गार्ड, तिकीट तपासनीस यांची शिशाची माणसे ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने निघाली, आणि त्याच मालिकेत २२ क्रमांकाचा सहा वाहनांचा संच १९३३ च्या डिसेंबरात आला. स्पोर्ट्स कार, कूपे, ट्रक, डिलिव्हरी व्हॅन, ट्रॅक्टर आणि रणगाडा अशी ही सहा वाहने शिशाची होती. १९३४ मध्ये मालिकेला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले आणि त्याच सुमारास मोटारींसाठी शिशाऐवजी मॅझॅक वापरायला सुरुवात झाली. हॉर्नबी यांचे १९३६ मध्ये निधन झाले, त्याआधी ते लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून संसदेतही निवडून गेले होते. पण धातूच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो १९३४ चा बदल.

एकाच छताखाली शिशाची माणसे आणि जस्ताच्या मोटारी ओतल्या जात होत्या, ही यातली कळीची बाब आहे. या ओतयंत्रात वितळलेल्या धातूची कढई यंत्रालाच जोडलेली असते. दट्ट्या खाली आला की धातू वाकड्या नळीतून वर चढून साच्याच्या दोन पाळ्यांमध्ये घुसतो, क्षणात गोठतो, पाळ्या उघडतात आणि नग बाहेर पडतो. त्या नगाला धातू ज्या वाटेने आत आला त्या वाटेचा देठही चिकटलेला असतो आणि साच्याच्या सांध्यांतून निसटलेल्या धातूची पातळ झालरही असते. ते तोडून, सदोष नगांसह, पुन्हा कढईत टाकणे ही जगभरच्या ओतशाळांची रीत आहे आणि त्यात गैर काही नाही, मात्र परत टाकलेला प्रत्येक तुकडा त्याच धातूचा असला पाहिजे. आजच्या मानकांनुसार अशा ओतीव भागात शिसे ०.००५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि कथील व कॅडमियम यांची मर्यादा त्याहूनही कमी आहे. म्हणजे शंभर किलो वितळलेल्या जस्तात पाच ग्रॅम शिसे ही कमाल मर्यादा झाली. स्थानकावरचा शिशाचा एक हमाल चुकून जस्ताच्या भंगारात गेला तरी ती मर्यादा ओलांडली जाते, आणि आगगाड्यांच्या कामातला झाळकामाचा, म्हणजे शिसे-कथिलाने सांधे जोडण्याचा, एखादा गोळा पडला तर शिसे आणि कथील दोन्ही एकदम कढईत जातात. दिसायला दोन्ही भंगार राखाडीच, आणि वितळल्यावर तर दोन्ही चांदीसारखेच चकाकणारे. डोळ्यांनी फरक ओळखण्याची सोय नव्हती.

कामगार सिगारेटच्या पाकिटातली शिशाची किंवा कथिलाची पन्नी चुरगाळून कढईत टाकत आणि त्यातून हा रोग आला, अशी एक कथा संग्राहकांत सांगितली जाते. ती पूर्णपणे नाकारण्याचे कारण नाही, कारण मर्यादाच इतकी सूक्ष्म आहे की चार-दोन पन्न्याही एखादी कढई नासवायला पुरेशा होत्या. मात्र सारा दोष कामगारांच्या माथी मारणारी ही कथा सोयीची आहे, पुरेशी नाही. शिसे आणि जस्त यांची आवक, साठवण आणि भंगार वेगळे ठेवण्याची शिस्त घालून देणे हे व्यवस्थेचे काम होते, आणि ज्या धोक्याचे स्वरूप १९२३ पासून छापील शोधनिबंधात उपलब्ध होते त्याची जाणीव ओतशाळेच्या जमिनीपर्यंत पोहोचली नव्हती, हाच निष्कर्ष उरलेल्या वस्तूंवरून निघतो. शिवाय हा अनुभव एकट्या लिव्हरपूलचा नाही. टूट्सीटॉयने १९३३ मध्ये झॅमॅकमध्ये काढलेल्या ग्रॅहॅम मोटारींच्या देखण्या मालिकेलाही हाच रोग जडला, आणि युरोपातल्या अनेक खेळण्यातल्या रेल्वे इंजिनांची चाके नि सांगाडे याच रोगाने गेले.

युद्धपूर्व डिंकींपैकी २८ क्रमांकाच्या जाहिराती असलेल्या व्हॅनवर हा ऱ्हास जवळून पाहता येतो. हाताच्या तळव्यावर सहज मावेल एवढी ही बंद पाठीची गाडी, दोन्ही बाजूंना हॉर्नबी आगगाड्या, पिकफर्ड्स, मँचेस्टर गार्डियन, ऑक्सो अशी व्यापारी नावे पाण्यावरून चिकटवलेल्या चित्रपट्टीने उमटवलेली. रोगट नगात पहिली खूण दिसते ती बहुधा चाकांवर: आसाभोवती फाकणाऱ्या तीन-चार भेगा, आणि मग एक पाकळी गळून पडल्याप्रमाणे चाकाचा तुकडा सुटलेला. त्यानंतर खिडक्यांजवळचे नाजूक खांब तडकतात, कारण तेथे धातू सर्वांत पातळ. टपाचा मध्य उचलला जातो, बाजूचा सपाट पत्रा किंचित लहरी घेतो, आणि भिंग लावून पाहिले तर रंगाखाली खवल्यांसारखे विभाग पडलेले दिसतात. धातू वाढतो पण रंगाचा थर आणि चित्रपट्टी वाढत नाही, म्हणून अक्षरांच्या मधून भेग जाते आणि ‘गार्डियन’मधला एखादा अर्धा वर्ण दुसऱ्या अर्ध्यापासून सरकलेला दिसतो. रोगट आणि निरोगी असे एकाच साच्यातले दोन नग शेजारी ठेवून मोजपट्टी लावली तर लांबीतला फरक उघड दिसतो. डिंकीच्या विमानांची अवस्था याहून बिकट होते, कारण इम्पीरियल एअरवेजच्या विमानांसारख्या नमुन्यांत लांब पंखांना मधे आधार नसतो. ते स्वतःच्याच वजनाने खाली झुकतात आणि एके दिवशी मुळाशी तुटतात. याच २८ क्रमांकाच्या मालिकेतल्या अगदी सुरुवातीच्या व्हॅन शिशाच्या होत्या. त्यांचे कोपरे दबलेले असतात, आस वाकलेले असतात, पण धातू फुगलेला नसतो. संपूर्ण शिशाची गाडी टिकते आणि शिशाचा लवलेश असलेली जस्ताची गाडी टिकत नाही.

आणखी एक गोष्ट या मोटारींवरूनच कळते. एकाच नमुन्याचे, एकाच रंगाचे, शेजारशेजारच्या महिन्यांत विकले गेलेले दोन नग घेतले तर एक आज खणखणीत असतो आणि दुसरा भुगा झालेला. दोन्ही एकाच घरात, एकाच खोक्यात वाढलेले असले तरीही असे होते. यावरून अशुद्धी एकसारखी नव्हती, ती कढईगणिक आणि पाळीगणिक बदलत होती, हे कळते. कंपनीच्या जमाखर्चात किंवा उत्पादनाच्या नोंदींत ही माहिती कोठेही सापडणार नाही. फुटक्या गाडीचे मोल येथे आहे. तिला विकत घेणारा कोणी नसला तरी तिच्या धातूत एका विशिष्ट दिवसाच्या भट्टीचा दाखला आहे, आणि तो चांगल्या नगात मिळत नाही.

युद्धकाळात कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि १९४५ नंतर खेळणी पुन्हा सुरू झाली तेव्हा जस्ताच्या ओतकामाची शिस्त बदलली होती. विमाने, तोफगोळ्यांचे फ्यूज आणि वाहने यांच्या सुट्या भागांसाठी अशुद्धींच्या मर्यादा काटेकोरपणे पाळाव्या लागल्या होत्या आणि शुद्ध जस्तही मुबलक झाले होते. पुढच्या साऱ्या ब्रिटिश मोटारी या पायावर उभ्या राहिल्या. १९४७ मध्ये लंडनमध्ये लेस्नी कंपनी स्थापन झाली आणि १९५३ पासून तिच्या काडेपेटीत मावणाऱ्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या जगभर पसरल्या. १९५६ मध्ये मेट्टॉय कंपनीने वेल्समधील स्वान्झी येथून ‘कॉर्गी’ मोटारी काढल्या, ज्यांच्या खिडक्यांना पारदर्शक काचा होत्या. आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने ‘हॉट व्हील्स’ आणले. या गाड्यांना जस्ताची कीड लागलेली क्वचितच दिसते. अलीकडच्या काही स्वस्त मालात ती पुन्हा आढळली आहे, आणि कारण नेहमीचेच असते: अशुद्ध किंवा सरमिसळ झालेले भंगार.

मोठ्या माणसांनी ही खेळणी गांभीर्याने जमवायला सुरुवात केली ती युद्धानंतर, आणि १९६६ मध्ये सेसिल गिब्सन यांचा ब्रिटिश डिंकी मोटारींचा इतिहास प्रसिद्ध झाल्यावर क्रमांक, रंगभेद आणि साच्यांतले फरक यांचे शास्त्र आकाराला आले. मेकॅनो कंपनी १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्सकडे आणि त्यांच्या पडझडीनंतर एअरफिक्सकडे गेली; १९७९ च्या नोव्हेंबरअखेर बिन्स रोडचा कारखाना अचानक बंद करण्यात आला तेव्हा कामगारांनी तो ताब्यात घेऊन विरोध केला, पण उत्पादन पुन्हा सुरू झाले नाही. त्यानंतर किमती चढत गेल्या. २००८ मध्ये लंडनच्या एका सायकल दुकानाची जाहिरात असलेली युद्धपूर्व डिंकी व्हॅन इंग्लंडमधील लिलावात सुमारे वीस हजार पौंडांना गेली. या किमतीमागे नाव आणि रंग यांची दुर्मिळता आहेच, परंतु किडीने सोबतचे किती नग संपवले याचाही त्यात मोठा वाटा आहे. शाबूत राहिलेला प्रत्येक नग गळतीनंतर उरलेला असल्याने युद्धपूर्व डिंकींच्या दुर्मिळतेचा कोणताही अंदाज उत्पादनाच्या आकड्यांवरून करता येत नाही.

डिंकीचा भारताशी संबंध दोन प्रकारे आला. पहिला अर्थातच ब्रिटिश अमदानीतल्या आयातीचा. दुसरा स्वातंत्र्यानंतरचा: खेळण्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असताना, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलचे काही निवृत्त साचे कोलकात्याला आले आणि तेथील एस. कुमार आणि कंपनीने त्यांतून ‘निकी टॉइज’ काढली. साच्यातले मूळ नाव खरवडून त्या जागी ‘निकी’ कोरलेले असे, आणि काही नगांच्या तळपट्टीवर या खाडाखोडीच्या खुणा बोटाला लागतात. रंग जाड, सांधे ढिले, म्हणून परदेशी संग्राहकांनी प्रथम त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. आता मात्र साच्यांच्या प्रवासाचा पुरावा म्हणून ती आवर्जून शोधली जातात. १९८० च्या दशकात मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने मॅटेलच्या सहकार्याने ‘लिओ’ या नावाने हॉट व्हील्स गाड्या भारतात आणल्या, आणि मराठी घरांतल्या एका पिढीची ओतीव मोटारींशी ओळख झाली ती बहुधा त्यांतून.

किडीवर औषध नाही, हे संग्राहकाने आधी मान्य करावे लागते. अशुद्धी धातूच्या प्रत्येक कणसीमेत विखुरलेली असल्याने ती धुऊन, घासून किंवा एखादे लेपन लावून काढता येत नाही. हातात असते ते एवढेच की क्षरणाला लागणारा दमटपणा आणि उष्णता कमी करून त्याची गती मंदावणे. पूर्वी कारखान्यांत ओतीव भागांची परीक्षा करण्यासाठी ते ९५ अंशांच्या दमट वाफेत काही दिवस ठेवत, म्हणजे वर्षांचे क्षरण दिवसांत घडून येई. यावरून उष्ण आणि ओली हवा काय करते ते लक्षात यावे. मुंबई आणि कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा ऐंशी टक्क्यांच्या वर असते, म्हणून येथे युद्धपूर्व मोटार बाळगणाऱ्याला इंग्लंडमधल्या संग्राहकापेक्षा अधिक दक्षता घ्यावी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या ठरावीक काळाने तापवून कोरड्या करणे, डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा मापक ठेवणे, गच्चीलगतच्या किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात संग्रह न ठेवणे, हे उपाय साधे आहेत पण ते चुकवून चालत नाही. मोटार थेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणे मात्र अपायकारक, कारण पावसाळ्यात बांधलेली पिशवी पावसाळाच आत कोंडून ठेवते. काही लाकडांतून, विशेषतः ओकमधून आणि कच्च्या प्लायवुडमधून, सेंद्रिय आम्लांची वाफ सुटते आणि ती शिसे व जस्त दोघांनाही बाधते. त्यापेक्षा काच आणि भट्टीत रंग भाजलेला पोलादी पत्रा बरा.

भेगा पडलेली मोटार पाण्याने धुऊ नये, कारण साबणाचे पाणी भेगेत शिरले की बाहेर येत नाही. ती टपाला धरून उचलू नये, खालून आधार देऊन उचलावी, आणि चाकांवरचा भार काढण्यासाठी तळाखाली मऊ फोमचा ठोकळा ठेवावा. पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसली म्हणजे कीडच लागली असे नव्हे. ओलसर कागदात गुंडाळल्याने जस्तावर वरवरचा पांढरा थर येतो, तो मऊ ब्रशने निघतो आणि खालचा धातू सपाट असतो. कीड एका मोटारीवरून दुसरीवर पसरते हा समजही निराधार आहे. रोगट नग वेगळा ठेवण्याची गरज आहे ती त्याचे गळणारे तुकडे इतरांत मिसळू नयेत एवढ्यापुरती.

तडकलेल्या भागात पातळ सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा डिंक, झिरपवून तो तात्पुरता बांधता येतो, आणि प्रदर्शनात ठेवायच्या नगासाठी हे समर्थनीय आहे. पण हे पाऊल मागे घेता येत नाही, म्हणून त्याआधी सर्व बाजूंची छायाचित्रे आणि मापे घेऊन ठेवावीत. निखळलेली चाके बदलणे हा तर या छंदातला नित्याचा भाग झाला आहे. अधिक गंभीर प्रश्न संपूर्ण प्रतिकृतींचा आहे. शाबूत नगावरून सिलिकॉन रबराचा साचा घेऊन राळेत किंवा मऊ मिश्रधातूत नवी मोटार ओतता येते, आणि जुन्या रंगाची नक्कल करणारे कुशल हातही आहेत. अशी प्रत मोलाची आहे, कारण मूळ वस्तू कोसळण्याआधी तिचा आकार तीत टिकून राहतो. परंतु तिच्या पोटावर कायमची खूण नसेल तर दोन-तीन हस्तांतरांनंतर ती मूळ म्हणून विकली जाते आणि इतिहासात खोटी नोंद शिरते. म्हणून प्रत ओतणाऱ्याने तळाच्या आतल्या बाजूस साल आणि ‘प्रत’ ही अक्षरे साच्यातच कोरावीत, बदललेल्या चाकांची नोंद मोटारीसोबतच्या चिठ्ठीवर ठेवावी, आणि फुटलेल्या मूळ गाडीचे तुकडे क्रमांक घालून कोरड्या नळीत जपावेत. रंगात शिसे असल्याने रंगावरून घेतलेली क्ष-किरण चाचणी फसवी ठरू शकते, पण रंग नसलेल्या ताज्या तुकड्यावर धातूची रचना तपासता येते, आणि १९३५ ते १९४१ च्या निरनिराळ्या नमुन्यांचे असे तुकडे पुरेशा संख्येने जमले तर बिन्स रोडच्या कढया कोणत्या वर्षी अधिक नासल्या आणि कोणत्या वर्षी कमी, हे प्रयोगशाळेत ठरवणे शक्य आहे.